दास्यमुक्तीचे तीन दस्तऐवज : एक तुलना

गुलामगिरी म्हटली की अमेरिकेतील कापसाचे मळे आणि १८६५ ची तेरावी घटनादुरुस्ती आपल्याला आठवते. आपल्या देशातील दास्य मात्र बहुधा बाजारातील विक्रीने नव्हे, तर कर्जाने जखडलेले होते. म्हणून आपल्याकडील प्रत्येक दस्तऐवजाला एकच प्रश्न विचारावा : त्याने कर्जाचे काय केले?

पहिला दस्तऐवज म्हणजे ईस्ट इंडिया कंपनीच्या सरकारचा १८४३ चा ५ वा कायदा. त्यात अवघी चार कलमे आहेत. गुलामावरील मालकी हक्क कोणत्याही न्यायालयाने मानू नये, हे त्याचे सार. कायद्याने न्यायालयाचा हात काढून घेतला. पण मालकाला त्यात शिक्षा नव्हती व कर्जाचा उल्लेखही नव्हता. शिवाय बिदर व गुलबर्गा (आजचे कलबुरगी) हे जिल्हे निजामाच्या राज्यात असल्यामुळे तो येथे लागूच नव्हता.

दुसरा दस्तऐवज भारतीय संविधानाचा अनुच्छेद २३. २६ जानेवारी १९५० पासून माणसांचा व्यापार, बिगार व सक्तीची मजुरी निषिद्ध ठरली. हा निषेध सरकारइतकाच खाजगी मालकावरही बंधनकारक आहे. तत्त्व आले; परंतु सावकाराच्या वहीतील आकडा तसाच राहिला.

तो आकडा पुसला तिसऱ्या दस्तऐवजाने. २५ ऑक्टोबर १९७५ पासून अमलात आलेल्या वेठबिगार पद्धती निर्मूलन कायद्याने (१९७६) वेठबिगार मुक्त केले व त्यांचे वेठीचे कर्जही रद्द केले. राहत्या घरातून त्यांना काढण्यास मनाई केली. मजूर वेठीचे कर्ज सांगत असेल, तर ते तसे नाही हे सिद्ध करण्याचा भार सावकारावर टाकला. निरक्षर मजुराजवळ कागद नसतो, हे या कायद्याने ओळखले. त्याच्या व्याख्येत निरनिराळ्या प्रांतांतील प्रथांची नावे आहेत; त्यांत हैदराबाद संस्थानातील ‘भगेला’ आणि कन्नड मुलखातील ‘जीत’ ही दोन्ही आहेत.

विद्यार्थी मित्रहो, पाडव्याला साल ठरवून उचल घेणारा प्रत्येक सालगडी वेठबिगार नव्हे. परंतु उचल फिटेपर्यंत त्याला दुसरीकडे कामाला जाण्याची मोकळीक नसेल, तर कायद्याच्या दृष्टीने ती वेठबिगारीच होय. अशा वेळी जिल्हाधिकाऱ्यांकडे किंवा जिल्ह्याच्या दक्षता समितीकडे अर्ज करता येतो. तो लिहिण्यापुरती अक्षरे आपल्याजवळ निश्चित आहेत.