डबाबंद बीफ यखनी : ताकद किती, पाणी किती?

आपल्या समाजात आजाऱ्याला यखनी देण्याचा दस्तूर जुना आहे. ताप उतरला, ऑपरेशन झाले किंवा बाळंतीण घरी आली की चुलीवर पातेले चढते. आता आखाती देशांत, इंग्लंड-अमेरिकेत आपले कितीतरी भाऊबंद नोकरी-धंद्यानिमित्त राहतात. तिथे पातेल्याची जागा डब्याने घेतली आहे. डबा फोडा, गरम करा, प्या. डब्यावर वाफाळलेल्या वाटीचे चित्र असते आणि घेणारा समजतो की अख्ख्या मांसाची ताकद यात उतरली आहे. ती खरोखर उतरते का, याचा हिशेब आज मांडू. कारण यात पैशाचा प्रश्न तर आहेच, आजाऱ्याच्या तब्येतीचाही आहे.

प्रथम कायद्याची बाब. महाराष्ट्रात १९७६ च्या कायद्याने गाईच्या आणि २०१५ च्या दुरुस्तीपासून बैल-वळूच्याही कत्तलीला बंदी आहे. शिवाय गोमांस आणि गोमांस असलेले पदार्थ बाहेरून भारतात आणण्यास आयात धोरणात मनाई आहे. म्हणून हा डबा इकडच्या दुकानात ठेवण्याचा किंवा येताना सामानात घालून आणण्याचा माल नाही. पुढचे विवेचन परदेशात राहणाऱ्यांसाठी आणि तिथे किराणा किंवा हॉटेलचा धंदा करणाऱ्यांसाठी आहे. मात्र पोषणाचा जो हिशेब आहे, तो आपल्या घरच्या मटणाच्या यखनीलाही बऱ्याच अंशी लागू पडतो.

लेबल काय सांगते?

आपण कापडवाले माल घेताना आधी काय पाहतो? पन्हा, काउंट, वजन. डब्याचेही तसेच आहे. चित्र सोडा, मागचा तक्ता वाचा.

अमेरिकेत मिळणाऱ्या तयार बीफ यखनीच्या एका कपात, म्हणजे सुमारे २४० ग्रॅममध्ये, साधारण १७ कॅलरी असतात. प्रथिने ३ ग्रॅमपेक्षा कमी, चरबी अर्धा ग्रॅम, पिष्ट पदार्थ जवळजवळ नाहीत. लोह अर्धा मिलिग्रॅमसुद्धा नाही. नायसिन नावाचे एक ब-जीवनसत्त्व थोडे असते, थोडे पोटॅशियम असते. आणि सोडियम सुमारे ८०० ते ९०० मिलिग्रॅम, म्हणजे दोन ग्रॅमहून जास्त मीठ. बाकी सगळे पाणी.

अमेरिकेचा सरकारी नियमच पाहा. १३५ भाग पाण्यामागे एक भाग प्रथिन असले की त्या मालाला बीफ यखनी म्हणून विकता येते. म्हणजे कारखानदार फसवणूक करतो असे नाही. मालाची जातच पातळ आहे. घेणाराच तिला जाड समजून घेतो.

आता तुलना करा. एका अंड्यात सुमारे ६ ग्रॅम प्रथिने. एक कप दुधात ८ ग्रॅम. मूठभर मसूर डाळीत ७ ग्रॅमच्या आसपास. दुधाच्या एका कपाइतकी प्रथिने यखनीतून हवी असतील तर तीन कप प्यावे लागतील. त्या तीन कपांबरोबर अडीच हजार मिलिग्रॅमच्या आसपास सोडियम पोटात जाईल. जागतिक आरोग्य संघटनेने मोठ्या माणसाला दिवसभराची मर्यादा २००० मिलिग्रॅम सांगितली आहे. म्हणजे एका कप दुधाचे काम करायला गेलो आणि दिवसभराच्या मिठाची मर्यादा ओलांडून बसलो.

मांसाची ताकद जाते कुठे?

ती कुठेही जात नाही, मांसातच राहते. मांस उकळले की त्यातले मुख्य प्रथिन गोठते आणि बोटीतच घट्ट बसते. लोहाचा मोठा हिस्साही तिथेच राहतो. पाण्यात उतरतात ते क्षार, चव देणारे पदार्थ आणि काही जीवनसत्त्वे. हाडे, सांधे, कातडी यांतून जिलेटिन उतरते. पायाचा शोरबा थंड झाल्यावर थरथरतो तो यामुळेच. हाडातले कॅल्शियम मात्र पाण्यात फारच थोडे उतरते.

जिलेटिन हेही प्रथिनच, पण अपुरे. शरीराला लागणारा ट्रिप्टोफॅन नावाचा घटक त्यात नसतो. एकट्या जिलेटिनवर शरीर उभे राहत नाही.

हा धडा जगाने किंमत देऊन शिकला आहे. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी पॅरिसमध्ये दार्से नावाच्या रसायनतज्ज्ञाने हाडांचे जिलेटिन काढून त्याचे सूप इस्पितळांतल्या गरिबांना देण्याची व्यवस्था केली. स्वस्तात पोषण, असा त्याचा बोलबाला झाला. पण फ्रान्सच्या विज्ञान अकादमीने मॅजांदी यांच्या अध्यक्षतेखाली तपास समिती नेमली. कुत्र्यांवर प्रयोग झाले आणि १८४१ मध्ये समितीने सांगितले की नुसत्या जिलेटिनवर जनावर जगत नाही.

त्यानंतर जर्मनीचे थोर रसायनशास्त्रज्ञ लीबिग यांनी १८४७ मध्ये मांसाचा अर्क काढण्याची रीत मांडली. १८६५ मध्ये त्यांच्या नावाची कंपनी निघाली आणि उरुग्वे देशातल्या फ्राय बेंतोस गावी मोठा कारखाना चालला. सुमारे ३० किलो मांसातून एक किलो अर्क निघे. लोकांना वाटले, ३० किलोची ताकद एका बरणीत आली. पुढे इतर शास्त्रज्ञांनी तपासले तेव्हा दिसले की चरबी आणि बहुतेक प्रथिने तर मागेच राहिली आहेत. अर्क चव आणतो, भूक लावतो, पण अन्नाची जागा घेत नाही. माल खपत राहिला, तो स्वयंपाकाला चव देणारा जिन्नस म्हणून. शहाण्या शास्त्रज्ञाची जिथे गल्लत झाली, तिथे चवीवरून ताकद मोजणाऱ्या सामान्य गिऱ्हाइकाला काय दोष द्यावा?

खळ आणि सूत

आपल्या धंद्यातला दाखला घ्या. खळ भरपूर असलेले कापड हाताला जड आणि कडक लागते. नवखा गिऱ्हाईक खूश होतो. एक धूत पडली की खळ पाण्यात जाते आणि खरे सूत उघडे पडते. म्हणून खळ निरुपयोगी आहे का? नाही. खळ नसेल तर मागावर ताणा तुटत राहील. खळीचे काम खळीने करावे, सुताचे काम सुताने.

यखनीचेही काम आहे. गरम यखनी घशाला बरी वाटते, चोंदलेले नाक मोकळे होते, तोंडाची गेलेली चव परतते, पोटात पाणी जाते. ऑपरेशनच्या आगेमागे डॉक्टर एक-दोन वेळा नुसते पातळ पदार्थ घ्यायला सांगतात, त्यात ती बसते. भात, डाळ, भाजी तिच्यात शिजवली तर स्वाद वाढतो. बिघडते ते पुढे, जेव्हा घरचे लोक आठ-आठ दिवस आजाऱ्याला तिच्यावरच ठेवतात आणि म्हणतात, "ताकदीचे देतोय ना!" दिवसातून चार कप दिले तरी ७० कॅलरीच होतात. चपातीएवढाही आधार नाही. कमजोरी उतरण्याऐवजी वाढते.

कोणी जपावे?

रक्तदाब, हृदयविकार, मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हा डबा घेऊ नये. "मीठ कमी" लिहिलेले डबेही तपासावेत. अमेरिकेच्या नियमाप्रमाणे "घटवलेले सोडियम" म्हणजे नेहमीच्या मालापेक्षा फक्त चौथा हिस्सा कमी. "अल्प सोडियम" म्हणजे एका वाढणीत १४० मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी. दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे. काही डब्यांत मिठाऐवजी पोटॅशियम क्लोराइड घालतात. मूत्रपिंडाच्या रोग्याला तेही घातक ठरू शकते.

जुलाब लागलेल्या लहान मुलाला यखनी पाजून जलसंजीवनी दिल्याचे समाधान मानू नये. जलसंजीवनीत साखर आणि मीठ ठराविक मापात असते. डब्याच्या यखनीत मीठ तिच्या दुपटीच्या घरात आणि साखर जवळजवळ नाही.

घेताना पाच गोष्टी

१. तक्त्यातले आकडे एका कपाचे आहेत की पूर्ण डब्याचे, ते पाहा. डब्यात बहुधा एका कपापेक्षा जास्त माल असतो.

२. "कंडेन्स्ड" लिहिले असेल तर त्यात तेवढेच पाणी घालायचे असते. तसाच प्याल तर मीठ दुप्पट.

३. घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने असते. पहिले नाव कशाचे आहे ते वाचा.

४. नुसते "बीफ" लिहिले म्हणून माल हलाल होत नाही. मान्य संस्थेचा शिक्का पाहा. जिलेटिन किंवा चव देणारे पदार्थ वेगळे घातले असतील तर ते कशापासून बनले हेही विचारा.

५. किमतीला प्रथिनांच्या ग्रॅमने भागा. हाच हिशेब अंडी, दूध, डाळीचा करा. कोणता माल महाग पडतो ते आपोआप कळेल.

दुकानदार बांधवांनीही हा डबा "ताकदीचा" म्हणून विकू नये. चवीचा म्हणून विकावा. माल जसा आहे तसा सांगून विकणे हा आपल्या व्यापाराचा पहिला उसूल आहे.

आणि घरी यखनी केलीत तर पातेल्यातल्या बोट्या बाजूला काढून इतरांना वाढू नका. नरम शिजवून, बारीक कुस्करून त्या आजाऱ्यालाच द्या. ज्या ताकदीसाठी यखनी चढवली, ती त्या बोट्यांत आहे.