‘नेट गेले’ म्हणजे नेमके काय गेले?

खेड तालुक्यात चाकणभोवतालच्या निघोजे, कुरुळी, म्हाळुंगे या गावांच्या शिवारांत आज कारखाने उभे आहेत. तेथे मजुरी करणाऱ्या कुटुंबांतील पुष्कळ मुलांना संगणक हाताळावयास मिळतो तो केवळ शाळेत. ‘नेट गेले’ म्हणून तास सोडून दिला, तर त्या मुलांचा तो तास कायमचाच गेला. पिंपरीहून दुरुस्तीवाला येईपर्यंत असे किती तास जातात, हे शिक्षकांना सांगावयास नको.

‘नेट गेले’ हे निदान नव्हे; ‘अंगात कसकस आहे’ म्हणण्यासारखेच ते आहे. वायर निघाली असेल, राउटरने पत्ता दिला नसेल, अथवा येथील सारे ठीक असून पलीकडचे यंत्रच उत्तर देत नसेल. नाडी पाहण्याचे साधन संगणकातच असते. लिनक्स असल्यास टर्मिनलची खिडकी उघडावी. इंग्रजी लहान लिपीत आय व पी ही अक्षरे, मग मोकळी जागा, मग ए, एवढे टंकून एंटर दाबावे. जुन्या पुस्तकांतील आयएफकॉन्फिग ही आज्ञा १९८३ सालच्या बर्कले युनिक्सपासूनची. नव्या लिनक्समध्ये ती पुष्कळदा बसविलेलीच नसते. विंडोजवर आयपीकॉन्फिग चालते.

पडद्यावरील मजकुराने गांगरून जाऊ नये. ‘एलओ’ हे पहिले नाव संगणकाच्या स्वतःशीच चालणाऱ्या संभाषणाचे. त्याचा १२७.०.०.१ हा पत्ता वायर तुटलेली असतानाही दिसतो. तो पाहून समाधान मानू नये. ‘ई’ने आरंभ होणारे नाव बहुधा वायरचे, ‘डब्ल्यू’ने होणारे वायफायचे. वायरच्या ओळीत ‘नो-कॅरिअर’ असेल, तर वायरची दोन्ही टोके व राउटरचा दिवा पाहावा. ‘अप’ असूनही खाली ‘आयनेट’ची ओळ नसेल, तर जोडणी आहे, पण पत्ता मिळालेला नाही, दोष बहुधा राउटरकडे असतो. ‘आयनेट६’ची ओळ निराळी, तिच्याशी गल्लत करू नये. विंडोजवर हीच स्थिती १६९.२५४ने आरंभ होणाऱ्या पत्त्यावरून कळते. तो संगणकाने आपला आपणच घेतलेला असतो.

पत्ता योग्य असेल, तर एखादे पान उघडत असतानाच दोन एस, मोकळी जागा, आडवी रेघ व टी-एन असे टंकावे. ‘एस्टॅब’ म्हणजे संभाषण जुळले. ‘सिन-सेंट’ तशीच राहिली, म्हणजे हाक गेली, पण ओ आली नाही.

दोन्ही आज्ञा अशा रीतीने दिल्या असता केवळ पाहतात, काही बदलत नाहीत. सबब त्या मुलांच्या हाती निःशंकपणे द्याव्यात. नेट सुरळीत असतानाच हा पाठ घ्यावा. एका मुलाने वायर काढावी, दुसऱ्याने ओळीत काय पालटले ते मोठ्याने वाचावे. पुढे खरोखरच नेट बंद पडेल तेव्हा वार, वेळ आणि ती ओळ वहीत उतरवून घ्यावी, व दुरुस्तीवाल्यास फोनवर तीच वाचून दाखवावी.