पाण्याखाली उतरण्यापूर्वी पंचांग पाहावे

समुद्रापासून दूर असलेल्या खडोलीच्या शाळेतही भरती-ओहोटीचा पाठ पंचांगावरून शिकविता येईल. त्याचे प्रत्यक्ष महत्त्व मात्र मालवणला कळते. इ. स. १६६४ ते १६६७ या काळात उभारलेल्या सिंधुदुर्गाच्या परिसरातील खडकाळ समुद्रात पाणबुडे श्वसनसंच लावून प्रवाळ पाहण्यास उतरतात. पाठीवरील नळकांड्यात निव्वळ प्राणवायू असतो, हा समज चुकीचा होय. तेथे सामान्यतः दाबून भरलेली साधी हवाच असते. १० मीटर खोलीवर दाब दुप्पट होतो व तीच हवा निम्म्या वेळात संपते. त्यात प्रवाहाशी झुंज घेतली की श्वास वाढतो, आणि खडकांमधील चिंचोळ्या वाटेत प्रवाह अधिकच जोर धरतो.

म्हणून किनाऱ्यावरून उतरणाऱ्याने पाणी थबकण्याची वेळ साधावी. कोकणातील जुना हिशेब असा : तिथीची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीचा तास. अष्टमीस भरती सहाच्या सुमारास, म्हणजे ओहोटी दुपारी बाराच्या आसपास संपते. हा अदमास झाला. स्थानिक मच्छीमारास विचारल्यावाचून पाऊल टाकू नये. अमावास्या-पौर्णिमेस उधाण, अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती. नवख्याने हेच दिवस निवडावेत. जाताना प्रवाहाविरुद्ध जावे, एकतृतीयांश हवा संपताच फिरावे. वाहून गेल्यास श्वास न रोखता सावकाश वर येऊन किनाऱ्यावरील सोबत्यास खूण करावी.