कॉम्प्युटरच गणित करतो, मग मुलीला गणित कशाला?

प्रश्न : माझी मुलगी यंदा भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि गणित घेऊन बी.एस्सी. झाली. तिला एम.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स करायचंय. शेजारचे म्हणतात, आधी बीसीए पाहिजे होतं. कॉलेजात गेलो तर पहिला प्रश्न, ‘गणित होतं का?’ कॉम्प्युटर तर स्वतःच गणित करतो, मग माणसाला गणित कशाला विचारतात? आणि दोन वर्षांत तिला नेमकं काय काय पूर्ण करावं लागेल? स्थळंही येताहेत, म्हणून विचारते.
(एक वाचक भगिनी, अहमदपूर, जि. लातूर)

उत्तर : ताई, कॉम्प्युटर आकडेमोड करतो. गणित आपल्यालाच करावं लागतं. कसं ते सांगतो.

समजा एका यादीत एक लाख नावं आहेत आणि दुबार नावं शोधायची आहेत. सरळ मार्ग म्हणजे प्रत्येक नाव उरलेल्या प्रत्येक नावाशी ताडून बघायचं. त्यासाठी जवळपास ५०० कोटी तुलना लागतात. सेकंदाला दहा लाख तुलना करणारं यंत्र धरलं तरी एक तास तेवीस मिनिटं गेली. आता आधी यादी अकारविल्हे लावून घ्या. चांगल्या पद्धतीने लावली तर सुमारे १७ लाख तुलनांत लागते, कारण एक लाखाला निम्मं-निम्मं करत गेलं की सतराव्या खेपेला एकच उरतो. यादी लागली की सारखी नावं शेजारी-शेजारी येतात, मग एकदाच वरून खाली नजर फिरवायची. सगळं काम दोन सेकंदांच्या आत. यंत्र तेच, यादी तीच. फरक पडला तो त्या ‘निम्मं-निम्मं’च्या हिशेबाने, आणि तो हिशेब म्हणजे तुमच्या मुलीने अकरावीत शिकलेला लॉगॅरिदम. एम.एस्सी.च्या वर्गात रोज हेच चालतं. प्रोग्रॅमची भाषा सहा महिन्यांत हाताला बसते, हा हिशेब मात्र आधीपासून मुरलेला लागतो. म्हणून गणित विचारतात, आणि तिच्याकडे ते आहे.

आता बीसीएचं. एम.एस्सी.ची पात्रता ज्याचं त्याचं विद्यापीठ ठरवतं. संगणकशास्त्रातली बी.एस्सी. किंवा बीसीए झालेल्यांना वाट सरळ आहे. गणित घेऊन बी.एस्सी. झालेल्यांनाही अनेक विद्यापीठं घेतात. तुमचा लातूर जिल्हा स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठात येतो. १७ सप्टेंबर १९९४ रोजी, मराठवाडा मुक्तिसंग्राम दिनी स्थापन झालेलं हे विद्यापीठ नांदेडजवळ विष्णुपुरीला आहे. तिथल्या संगणकशास्त्र संकुलाचं आणि लातूरच्या महाविद्यालयांचं यंदाचं माहितीपत्रक घ्या आणि ‘पात्रता’ हा रकाना मुलीने स्वतः वाचावा. शेजाऱ्यांच्या सांगण्यावरून वर्ष घालवू नका.

सोबत एमसीएचाही अर्ज भरून ठेवा. प्रा. व्ही. राजारामन यांच्या पुढाकाराने १९८०च्या दशकाच्या आरंभी एमसीए सुरू झालं, ते दुसऱ्या विषयांतून येणाऱ्या पदवीधरांना संगणकाकडे आणण्यासाठीच. २०२०-२१ पासून ते तीनऐवजी दोन वर्षांचं झालं. पदवीला ५० टक्के (राखीव प्रवर्गाला ४५) आणि राज्याची सीईटी, एवढं त्याला लागतं; बारावीला किंवा पदवीला गणित असलेलं बरं. कॉम्प्युटरची पदवी नसलेल्यांना वरून ब्रिज कोर्स करावा लागतो, त्याची धास्ती नको. एम.टेक.चा विचार आत्ता सोडा, ते थेट बी.एस्सी.वरून होत नाही.

दोन वर्षांत काय करावं लागेल? राज्य शासनाच्या २० एप्रिल २०२३ च्या निर्णयानुसार चार सत्रं आणि ८० ते ८८ श्रेयांक, म्हणजे सगळे म्हणतात ते क्रेडिट. एक क्रेडिट म्हणजे वर्गातले १५ तास किंवा प्रयोगशाळेतले ३०. मुख्य विषय आणि निवडीचे विषय यांतच बहुतेक क्रेडिट जातात, ते अभ्यासाने होतं. आपल्याकडची मुलं अडतात ती दोन ठिकाणी. एक, चार क्रेडिटचं ऑन जॉब ट्रेनिंग, म्हणजे किमान १२० तास प्रत्यक्ष काम. दुसरं, तिसऱ्या आणि चौथ्या सत्रातला मिळून दहा क्रेडिटचा संशोधन प्रकल्प.

पुण्यात दारोदार कंपन्या आहेत, नांदेड-लातुरात तशा नाहीत, हे खरंय. म्हणून कित्येकजण कुठून तरी प्रमाणपत्र आणतात आणि प्रकल्प विकत घेतात. मला याचं फार वाईट वाटतं, कारण नोकरीच्या मुलाखतीत पहिला प्रश्न त्याच प्रकल्पावर येतो आणि पोरगी गप्प बसते. इथे विषयांची वाण नाही. लातूरच्या बाजार समितीत सोयाबीन आणि तुरीची आवक आणि भाव रोज नोंदले जातात. तीन-चार वर्षांच्या नोंदी घेऊन कोणत्या आठवड्यात आवक फुगते आणि भाव कितीने हलतो, एवढंच तिने नीट मांडलं तरी तो अस्सल प्रकल्प होईल. ट्रेनिंगसाठी एखादी सहकारी बँक किंवा रुग्णालयाचा नोंदणी विभाग चालतो का, ते विभागप्रमुखांना पहिल्याच सत्रात विचारून ठेवावं.

प्राध्यापक व्हायचा विचार असेल तर एक आकडा लक्षात असू द्या, ५५ टक्के. नेट-सेट या प्राध्यापकपदाच्या पात्रता परीक्षांना एम.एस्सी.त तेवढे लागतात (राखीव प्रवर्गाला ५०). नुसतं पास होऊन ती दारं उघडत नाहीत.

राहिला स्थळांचा प्रश्न. २०२३ च्या त्या निर्णयाने आलेल्या नव्या रचनेत पहिलं वर्ष पूर्ण करून थांबलं तर पदव्युत्तर पदविका मिळते, आणि मिळवलेले क्रेडिट ॲकॅडमिक बँकेत सात वर्षांपर्यंत जमा राहतात, पुढे परत येता येतं. सोय चांगली आहे. पण सासरहून परत येऊन दुसरं वर्ष पुरं करणं किती जणींना जमतं, हे तुम्ही माझ्यापेक्षा जास्त जाणता. प्रकल्पाचा मोठा भाग शेवटच्या सत्रात असतो आणि तो घरच्या कामातून उरलेल्या वेळात होत नाही. स्थळ पसंत पडलं तर खुशाल बोलणी करा, तारीख तेवढी चौथ्या सत्राच्या परीक्षेनंतरची धरा.