दोन जुड्या कोथिंबीर

चि. मुक्ता,


तुझ्या निबंधात ‘मेनी इन्फर्मेशन’ आणि ‘फ्यू अ‍ॅडव्हाइस’ आलंय. जे मोजता येतं त्याला ‘मेनी’ नि ‘फ्यू’, जे मोजता येत नाही त्याला ‘मच’ नि ‘लिटल’, असं तू घोकलंस. सल्ले तर घरात माणसागणिक मिळतात, तेव्हा ते मोजण्याजोगेच, असा तुझा हिशेब. हिशेब बरोबर आहे, नियमच कच्चा आहे. पैसे आपण थुंकी लावून मोजतो, तरी इंग्रजीत ‘मनी’ला ‘मच’च लागतं. मोजता येणं हा वस्तूचा गुण धरलास की फसगत होते; तो त्या शब्दाचा गुण आहे.

हे परकं वाटत असेल तर आपला ओटा बघ. साबुदाणा आणि पोहे शेजारी भिजत घातले आहेत. साबुदाण्याचा दाणा न् दाणा वेगळा दिसतो, तरी ‘साबुदाणा भिजला’ हे एकवचन. पोह्यांचा गोळा झाला तरी ‘पोहे भिजले’ हे अनेकवचन. यात डोळ्यांना दिसणारं कारण शोधू नकोस. इंग्रजीतही ‘ओट्स’ अनेकवचनी, ‘व्हीट’ एकवचनी. मटाराची तर गंमतच आहे. पूर्वी ‘पीझ’ हेच एकवचन होतं. शेवटचा ‘झ’ अनेकवचनाचा वाटून लोकांनी तो तोडला आणि सतराव्या शतकात ‘पी’ हा एकटा दाणा जन्माला आला. शेंगेत काहीच बदललं नव्हतं. मग सल्ला मोजायचा कसा? कोथिंबीर मोजतो तसा. ‘दोन कोथिंबिरी’ कुणी मागत नाही, ‘दोन जुड्या’ मागतात. अ‍ॅडव्हाइसची जुडी म्हणजे ‘पीस’. आपल्याला अडतं ते एवढ्यासाठी की मराठीत ‘किती’ दोन्हीकडे चालतं, आणि ‘थोडा भात, थोडी साखर, थोडे पोहे’ असं शेपूट बदललं की भागतं. इंग्रजीत अख्खा शब्दच बदलावा लागतो.

तू म्हणशील, इंग्रजच ‘लेस पीपल’ म्हणतात, मग आम्हालाच जाच का? खरं आहे. तिथे ‘फ्यूअर’ बरं, हे 1770 मध्ये रॉबर्ट बेकरने लिहिलं, तेही स्वतःची पसंती म्हणून. नवव्या शतकात आल्फ्रेड राजाच्या लिखाणात मोजत्या नामाला ‘लेस’चाच पूर्वज सापडतो. ब्रिटनमधल्या टेस्को या दुकानसाखळीने 2008 मध्ये ‘10 आयटेम्स ऑर लेस’ ही पाटी काढून ‘अप टू 10 आयटेम्स’ लावायचं ठरवलं, म्हणजे वादालाच बगल दिली. परीक्षेत ‘फ्यूअर’ लिही, एरवी त्यावर रक्त आटवू नकोस. ‘मेनी इन्फर्मेशन’ला मात्र ही सवलत नाही, तिथे इंग्रजांत दोन मतं नाहीत.

‘अर्थ कळला ना, झालं तर,’ हेही म्हणशील. ‘इन्फर्मेशन्स’ने कुणाचं अडत नाही, कबूल. पण ‘आय हॅव अ फ्यू फ्रेंड्स’ म्हणजे चार मित्र आहेत, आणि त्यातला ‘अ’ गळला की मित्र फारसे नाहीत. एका अक्षराने बोलणं रडगाणं होतं. तेव्हा नवं नाम शिकताना कोशात त्यापुढे ‘सी’ (मोजतं) छापलंय की ‘यू’ (न मोजतं), तेवढं वहीत उतरवून घे. सुरुवात ‘हेअर’पासून कर, त्याला दोन्ही अक्षरं आहेत: डोक्यावरचे सगळे मिळून नुसतं ‘हेअर’, आणि वरणात सापडला तर ‘अ हेअर’.

तुझा,
मामा