घरगुती ध्वनिमुद्रण आणि स्प्रिंगचा घुमारा

खानदेशात श्रावणातील कानबाईच्या उत्सवात स्त्रिया अहिराणी गाणी म्हणतात. साक्री तालुक्यातील पिंपळनेरसारख्या गावीही अशी गाणी आता घरच्या संगणकावर ध्वनिमुद्रित करता येतात. लहान खोलीत टिपलेला आवाज कोरडा वाटतो, म्हणून त्यास 'प्लगइन' या पूरक प्रणालीने घुमारा दिला जातो. त्यांपैकी 'स्प्रिंग रिव्हर्ब' हा प्रकार जपून निवडावयास हवा.

मूळ यंत्रात विद्युत्संकेतामुळे स्प्रिंगचे एक टोक कंप पावते व दुसऱ्या टोकास तो कंप पुन्हा टिपला जातो. हॅमंड ऑर्गनमधील ही योजना १९६० च्या दशकात फेंडरच्या गिटार-अँप्लिफायरमुळे सर्वपरिचित झाली. स्प्रिंगमधून उंच व खालचे स्वर सारख्या वेगाने जात नाहीत; त्यामुळे टाळी किंवा ढोलाची थाप पडताच धातूचा झणत्कार उमटतो. गिटारला तो शोभतो, संथ गायनाला क्वचितच. यास्तव खरेदीपूर्वी चाचणी-आवृत्तीवर टाळीचा तुकडा ऐकून पाहावा. घुमाऱ्याचे प्रमाण कमी करण्याची सोय तर हवीच.

मूळ कोरडे मुद्रण मात्र वेगळे राखावे. वृद्ध गायिकेच्या आवाजावर घुमारा चढवून तेवढीच प्रत ठेवली, तर तो पुढे पूर्णपणे काढता येत नाही आणि अहिराणीच्या अभ्यासकास शब्दांचे उच्चार स्पष्ट मिळत नाहीत.