टाकून दिलेल्या वस्तूंची साक्ष

कलेचे प्रदर्शन म्हटले म्हणजे सोनेरी चौकटीत बसविलेली निसर्गदृश्ये, थोर पुरुषांच्या तसबिरी आणि संगमरवरी पुतळे आपल्या डोळ्यांपुढे उभे राहतात. जे सुंदर, जे दुर्मीळ, जे जपून ठेवण्याजोगे, तेच अशा ठिकाणी मांडावयाचे, अशी आपली समजूत असते. परंतु गेल्या शंभर वर्षांत कित्येक कलावंतांनी ह्याच्या अगदी उलट मार्ग धरिला. घरातील केर, रिकाम्या बाटल्या, चुरगळलेल्या पिशव्या ह्याच वस्तू त्यांनी प्रेक्षकांपुढे आणून ठेविल्या. ह्यात कला ती कोणती, असा प्रश्न मनात येणे साहजिक आहे. त्याचे उत्तर दोन प्रदर्शनांच्या आधारे शोधावे, हा ह्या लेखाचा हेतू होय.

ह्या मार्गाचे आद्य प्रवासी पुष्कळ आहेत. त्यांपैकी दोघांचा येथे उल्लेख पुरे. पहिले महायुद्ध संपल्यानंतर, १९१९ च्या सुमारास, जर्मनीतील हानोव्हर शहरी राहणाऱ्या कुर्ट श्विटर्स नामक चित्रकाराने रस्त्यात पडलेली तिकिटे, कागदाचे कपटे व लाकडाचे तुकडे चिकटवून चित्रे करण्यास आरंभ केला. सारे जग मोडून पडले आहे, तेव्हा मोडक्यातूनच नवे घडविले पाहिजे, असे त्याचे म्हणणे होते. पुढे १९६० साली पॅरिसमध्ये आर्मां ह्या कलावंताने इरिस क्लेर हिचे चित्रदालन जमिनीपासून छतापर्यंत केरकचऱ्याने भरून टाकिले. प्रेक्षकांस आत पाऊल ठेवावयासही जागा उरली नाही. त्यांनी खिडकीच्या काचेतून पाहिले तेवढेच. परंतु हा कचरा शहराचा होता; तो अमक्याचा असे म्हणता येत नव्हते. आपल्याच घरचा, आपल्याच हातचा कचरा उघडपणे मांडणे ही ह्याच्या पुढची पायरी होय, आणि ती अधिक कठीण आहे.

पहिले उदाहरण चीन देशातील आहे. सुंग दुंग हा कलावंत १९६६ साली पेकिंग, म्हणजे आजच्या बीजिंग, शहरी जन्मला. त्याच्या आईचे नाव झाओ श्यांगयुआन. ह्या बाई १९३८ साली एका सुखवस्तू घराण्यात जन्मल्या. परंतु राजकीय उलथापालथीत घराण्यास वाईट दिवस आले. त्यांचा संसाराचा काळ टंचाईचा होता. चीनमध्ये १९५४ पासून १९८३ पर्यंत कापड शिधापत्रिकेवाचून मिळत नसे. अशा दिवसांत जी गृहिणी चिंधीही फेकीत नसे तीच शहाणी समजली जाई. वस्तूचा शेवटपर्यंत उपयोग करावा, काहीही वाया दवडू नये, ह्या अर्थाचे ‘वू जिन छी युंग’ हे चार अक्षरांचे वचन तेथे घरोघर प्रचलित होते. आपल्याकडे जुन्या लुगड्यांची गोधडी शिवणाऱ्या आजीला ह्या वचनाचा अर्थ समजावून सांगण्याची गरज पडणार नाही.

पुढे दिवस पालटले, बाजारात सर्व काही मिळू लागले; पण श्यांगयुआनबाईंची सवय पालटली नाही. २००२ साली पतीचे अकस्मात निधन झाले, तेव्हा तर त्यांनी वस्तू साठविण्याचा ध्यासच घेतला. घराचा कोपरा न् कोपरा भरून गेला. मुलांनी आवरासावर करू म्हटले की त्यांस दुःख होई. तेव्हा पुत्राने एक निराळी युक्ती योजिली. वस्तू फेकून न देता, आईच्या हातूनच त्या वेगळ्या करवून, तिच्या घराच्या लाकडी सांगाड्यासह प्रदर्शनात मांडावयाच्या. हे प्रदर्शन २००५ साली बीजिंग येथे प्रथम भरले. त्यात दहा हजारांहून अधिक वस्तू होत्या. जोडे, भांडी, गुंड्या, कापडाचे तुकडे, दंतमंजनाच्या पिळून रिकाम्या झालेल्या नळ्या, प्लास्टिकच्या बाटल्या, बाटल्यांची टोपणे आणि नीट घड्या घातलेल्या पिशव्या, अशा एकेका जातीच्या वस्तूंच्या रांगा जमिनीवर लाविल्या होत्या. आई स्वतः तेथे बसत, येणाऱ्यांशी बोलत, वस्तूंच्या कहाण्या सांगत. ज्या बाई शोकाने घरात कोंडून राहिल्या होत्या, त्या पुन्हा माणसांत आल्या. दिवंगत पित्यास उद्देशून, काळजी करू नये, आई व आम्ही सर्व सुखरूप आहोत, अशा अर्थाची अक्षरे दिव्यांच्या नळ्यांनी लिहून लाविली होती. हे प्रदर्शन पुढे २००९ साली न्यूयॉर्क येथे व २०१२ साली लंडन येथे भरले. श्यांगयुआनबाई मात्र २००९ साली निवर्तल्या. त्यांच्या पश्चात मुलांनी ती मांडणी चालू ठेविली.

ह्या संग्रहातील साबणाच्या वड्यांची गोष्ट सांगण्याजोगी आहे. टंचाईच्या काळात साबण मोजकाच मिळे. आपल्या मुलांवर तसा प्रसंग येऊ नये म्हणून आईने वड्या वाचवून ठेविल्या. पुत्राच्या विवाहाच्या वेळी त्या तिने त्यास देऊ केल्या. त्याच्या घरी कपडे धुण्याचे यंत्र होते. त्याने त्या नाकारिल्या. तरी आईने त्या जपूनच ठेविल्या. तोवर त्या वाळून दगडासारख्या झाल्या होत्या. पुत्रास फार उशिराने उमगले की त्या वड्यांत केवळ साबण नव्हता, आईची माया होती. हीच वडी उकिरड्यावर दिसली असती तर आपण नाक मुरडून पुढे गेलो असतो. तिच्या मालकिणीची हकीकत कळताच ती वडी निराळी दिसू लागते.

आता दुसरे उदाहरण पाहू. ते इंग्लंडमधील आहे आणि सर्वस्वी प्लास्टिकचे आहे. केंट परगण्यात मार्गेट नावाचे समुद्रकाठचे गाव आहे. टर्नर ह्या थोर चित्रकाराने जो समुद्र व जे आकाश रंगविले ते ह्याच किनाऱ्यावरचे. तेथे राहावयास आलेल्या डॅनियल वेब ह्या गृहस्थाने किनाऱ्यावर वाहून आलेले प्लास्टिक पाहिले आणि त्याच्या मनात आले की, ह्यात माझा वाटा किती? इतरांस दोष देण्यापूर्वी त्याने स्वतःचे माप घेण्याचे ठरविले. १ जानेवारी २०१७ पासून वर्षअखेरपर्यंत त्याने वापरून झालेला प्लास्टिकचा एकही नग बाहेर टाकिला नाही. वर्ष संपले तेव्हा २२ मोठ्या पिशव्या भरल्या होत्या. सर्व नग पसरून मोजले, जातवार लाविले. त्यांची संख्या ४४९० झाली. त्यांपैकी शेकडा ९३ ही एकदाच वापरून फेकावयाची वेष्टने होती. ऑली हॅरप ह्या छायाचित्रकाराने त्यांची छायाचित्रे घेतली आणि २०१८ साली मार्गेटच्या ड्रीमलँड नामक क्रीडोद्यानात त्यांचा एक भव्य फलक उभारण्यात आला. एका मनुष्याचे एक वर्ष त्या भिंतीवर येणाऱ्या-जाणाऱ्यांस दिसू लागले.

ही दोन्ही प्रदर्शने शेजारी शेजारी ठेवून थोडे गणित करून पाहा. चिनी मातेचा संग्रह जवळजवळ पन्नास वर्षांच्या संसाराचा, आणि वस्तू दहा हजारांवर. इंग्रज गृहस्थाचे नग एका वर्षाचे, आणि ४४९०. म्हणजे दिवसाकाठी बारा. ह्या वेगाने दहा हजारांचा आकडा गाठावयास त्यास सव्वादोन वर्षे पुरली असती. अर्थात हे माप अगदी समान नव्हे. एका बाजूस हेतुपुरस्सर राखून ठेविलेल्या वस्तू आहेत, तर दुसऱ्या बाजूस टाकून देण्याच्या. पण खरी गोम नेमकी तेथेच आहे. त्या मातेच्या मनात प्रत्येक वस्तूस पुढचा उपयोग होता. वेबच्या पिशव्यांतील बहुतेक नगांस तो उपयोग त्यांच्या निर्मात्यानेच ठेविला नव्हता. ते जन्मतःच कचरा होते.

असा पदार्थ आला कोठून? १९३३ साली इंग्लंडमधील नॉर्थविच येथील प्रयोगशाळेत गिब्सन व फॉसेट हे शास्त्रज्ञ भारी दाबाखाली वायूंवर प्रयोग करीत असता, भांड्याच्या तळाशी मेणासारखा पांढरा पदार्थ अनपेक्षितपणे आढळला. तोच पॉलिथीन. दुसऱ्या महायुद्धात रडार यंत्रांच्या तारांवर त्याचे वेष्टन घालीत. तेव्हा ती मोलाची वस्तू होती. हातात धरावयाची पॉलिथीनची पिशवी स्वीडनमधील स्टेन गुस्ताफ थुलिन ह्या योजकाने निर्माण केली. १९६५ साली तिचे अमेरिकेतील पेटंट मंजूर झाले. थुलिन स्वतः अशी एक पिशवी घडी करून खिशात बाळगीत व ती पुनःपुन्हा वापरीत, असे त्यांच्या पुत्राने सांगितले आहे. म्हणजे पिशवीचा जनक आणि ती चिनी गृहिणी, दोघांची रीत एकच होती! बिघडली ती आपली रीत. तीन शास्त्रज्ञांनी २०१७ साली प्रसिद्ध केलेल्या हिशेबाप्रमाणे २०१५ पर्यंत जगात सुमारे ८३० कोटी टन प्लास्टिक तयार झाले. त्यातील ६३० कोटी टन कचरा झाला, आणि त्या कचऱ्यापैकी शेकडा ९ एवढाच पुन्हा उपयोगात आणिला गेला.

आता मूळ प्रश्नाकडे वळू. ह्यात कला ती कोणती? माझ्या मते ती तीन गोष्टींत आहे. पहिली गोष्ट पूर्णता: दोघांनीही सोयीच्या वस्तू निवडून गैरसोयीच्या लपविल्या नाहीत. दुसरी गोष्ट व्यवस्था: ढीग पाहून किळस येते, पण रांग पाहिली की मनुष्य विचार करू लागतो. तिसरी व सर्वांत महत्त्वाची गोष्ट नाव: हे माझे आहे, असे म्हणणारा मनुष्य त्या वस्तूंजवळ उभा आहे. कचऱ्याचा विशेष हाच की तो कोणाचाही नसतो. दाराबाहेर पडताच आपण त्याशी नाते तोडतो. ते नाते पुन्हा जोडून दाखविणे हे ह्या कलेचे कार्य होय. कचरा कमी करणे हे तिचे कार्य नव्हे आणि तिला ते साधणारही नाही. एका फलकाने समुद्र स्वच्छ होत नसतो.

म्हणूनच आपल्या शाळाशाळांतून ‘टाकाऊतून टिकाऊ’ ह्या नावाखाली जी प्रदर्शने भरतात, त्यांविषयी दोन शब्द स्पष्ट बोलणे अवश्य वाटते. बाटली कापून तिचे फूल करावयाचे, त्यास बाजारातून आणलेला रंग, चमकी व डिंक लावावयाचा, थर्माकोलच्या नव्या पाटीवर ते बसवावयाचे, आणि आठ दिवसांनी सारेच केराच्या टोपलीत! पूर्वी बाटली तरी भंगारात विकली गेली असती. आता रंग व चमकी चिकटल्यामुळे तीही कोणी घेत नाही. मुलांच्या हौसेस मी नावे ठेवीत नाही, हौस हवीच. पण जेथे कचरा सजवून लपविला जातो तेथे शिक्षण होत नाही.

मग करावे काय? एक आठवडा प्रत्येकाने केवळ स्वतःच्या वापरातील प्लास्टिक धुऊन, वाळवून पिशवीत ठेवावे. दुधाची पिशवी, शाम्पूची पुडी, वेफरचे पाकीट, गोळ्यांची पन्नी, मोडके पेन, काहीही वगळू नये. वहीत प्रत्येक नगापुढे तीन गोष्टी लिहाव्यात: ती वस्तू कशासाठी आली, किती वेळ उपयोगी पडली, आणि तिच्यावाचून चालले असते काय. काही वस्तूंच्या तळाशी त्रिकोणात १ ते ७ पैकी एक अंक असतो, तोही टिपावा. ही खूण १९८८ साली अमेरिकेत सुरू झाली. ती प्लास्टिकची जात सांगते, पुनरुपयोगाची हमी देत नाही. नंतर वर्गाच्या जमिनीवर सर्व नग आकारमानाने व रंगाने रांगेत मांडावेत, त्यांचे वरून छायाचित्र घ्यावे व खाली आपले नाव लिहावे. काही गुंफावयाचे झाल्यास सुई, दोरा व कात्री पुरे. प्लास्टिक वितळविण्याच्या किंवा जाळण्याच्या फंदात मात्र कोणी पडू नये, पी.व्ही.सी. जातीचे प्लास्टिक जळताना छातीस अपायकारक असा आम्लवायू निघतो.

प्रदर्शन संपल्यावर भंगारवाल्यास बोलवावे. तो बाटल्या घेईल, वेफरचे पाकीट बहुधा परत देईल. त्या पाकिटात प्लास्टिकचे थर व धातूचा पातळ मुलामा एकमेकांस असे चिकटलेले असतात की ते वेगळे करणे परवडत नाही. वस्तूची जात ओळखण्याचा हा धडा पुस्तकापेक्षा त्याच्याकडून लवकर समजतो.

हा उद्योग मुलांच्या आवाक्याबाहेरचा नाही. वेबच्या संस्थेने दुसऱ्या एका संस्थेच्या साहाय्याने मे २०२२ मध्ये ब्रिटनभर अशीच एका आठवड्याची मोजणी केली. तीत सुमारे एक लक्ष कुटुंबांनी भाग घेतला; शाळांतील मुलेही होती. दर कुटुंबामागे आठवड्यास सरासरी ६६ नग निघाले. आपल्या वर्गाची सरासरी किती निघते, हे पाहण्यास मी उत्सुक आहे. ती संख्या फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावी आणि पुढील वर्षी त्याच महिन्यात पुन्हा मोजावे. ज्या वर्षी मांडावयास वस्तू अपुऱ्या पडतील व जमिनीवरील रांगा मध्येच संपतील, ते प्रदर्शन सर्वांत उत्तम ठरले असे मी समजेन.